ड्रूसिलामावशीला कार्ड कोण लिहिणार?

सेल्बीकाकांना मातीत ठेवून सगळं गाव चर्चच्या हॉलमध्ये जेवायला जमलं, तेव्हा हेडली स्टकलेसनं ड्रूसिलामावशीचा हात हातात घेतला, दोनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "हॅम मस्त झालंय, मावशी."

जिचा नवरा नुकताच जमिनीत गेला होता, तिला एवढं सांगून हेडली जो सटकला तो थेट आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसला. मागोमाग त्याची थोरली बहीण युनिस आली. हातात कागदी रुमालात गुंडाळलेला केकचा तुकडा होता आणि कपाळाला आठ्या होत्या.

"काय बोललास रे तिला?"

"कुठं काय."

"तिच्या शेजारी बसलेल्या ग्लोरियानं ऐकलंय. हॅम म्हणालास."

"झालंच होतं मस्त."

"शवपेटीला खांदा देता येतो, आणि तोंड उघडायची वेळ आली की हॅम!" युनिसनं दार आपटलं. "आता निदान कार्ड तरी धड लिही. आपल्या दोघांच्या वतीनं."

"लिहितो की. मावशीकडे जाऊन..." हेडलीची जीभ तिथंच अडखळली. युनिसनं त्याच्याकडे पाहिलं. केक खायचं तिलाही सुचेना.

कारण असं की, स्किफ कोव्हमध्ये कोणी गेलं की घरोघरून कार्ड जायचं, आणि त्या कार्डात काय लिहायचं हे विचारायला घरोघरची माणसं साऱ्या गावाच्या मावशीकडे, ड्रूसिला राइडआउटकडे जायची. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर मासेमारीत, लाकूडतोडीत आणि एकमेकांच्या कागाळ्या करण्यात गावचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण शोकाचे चार शब्द लिहायचे म्हटलं की सगळे मुके. मावशीच्या पुढच्या खोलीत पूर्वी गावचं टपाल होतं. माणसं तिकीट घ्यायला यायची आणि पेन चावत उभी राहायची.

"काय लिहिलंस?" मावशी विचारायची.

"मनापासून सहानुभूती."

"ते खाली चांदीच्या अक्षरात छापलंयच की रे. तू काय लिहिलंस?"

मग ती किटली चढवायची, माणसाला स्वयंपाकघरात बसवायची आणि गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी सांगायला लावायची. हळूहळू त्यातून दोन-तीन ओळी निघायच्या, आणि त्या वाचून पलीकडच्या घरातलं माणूस रडायचं आणि कार्ड जपून ठेवायचं. पुढे टपाल बंद झालं, पण मावशीचं दुकान चालूच राहिलं. हेडलीच्या बायकोसाठी, मेव्हिससाठी, आलेली निम्मी कार्डं वाचताना त्याला त्यामागची किटली ऐकू आली होती, आणि त्याचं त्याला काही वाईट वाटलं नव्हतं.

आता मावशीचाच नवरा गेला. विहिरीलाच तहान लागली तर पाणी कोणी द्यायचं?

दुसऱ्या दिवशी हेडली ट्रक काढून शहरात औषधांच्या दुकानात गेला. तिथं एका भिंतीला कार्डं होती. वाढदिवसाची ढीगभर, शोकाची एकच फळी, आणि त्या फळीपुढे सिरिल पेली. सिरिलनं हेडलीला पाहिलं आणि चटकन हात बाजूच्या फळीवर नेला.

"नातीचा वाढदिवस आहे," तो म्हणाला.

"हो का? तुला नात कधी झाली?"

"होईल की कधीतरी." सिरिल लाल झाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला काही सुचलं का रे?"

"मी अजून कार्डावरचं फूल निवडतोय."

"ग्लोरिया सकाळी इथंच होती म्हणे. बराच वेळ थांबली आणि शेवटी शाम्पू घेऊन गेली."

शेवटी हेडलीनं लिलीच्या फुलांचं एक कार्ड घेतलं. आत छापील कविता होती. तिच्यात देवदूत होते, शांत किनारा होता, अलगद मिटलेले डोळे होते. सेल्बीकाका लाकडं फोडता फोडता गेले होते, आणि शांत किनारा त्यांना आवडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पण बाकीची कार्डं याहून वाईट होती.

त्या संध्याकाळी युनिस आपल्या घरून वाटाण्याचं सूप घेऊन आली आणि टेबलाच्या पलीकडे बसून राहिली. हेडलीनं आधी जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून पाहिलं.

"वाच," ती म्हणाली.

"'प्रिय मावशी, सेल्बीकाका चांगले होते.'"

"पुढं?"

"एवढंच झालंय."

"कुत्रा विकताना लिहितात तसं वाटतंय. चांगला आहे, चावत नाही."

हेडलीनं खोडलं. मग लिहिलं, की काका आता चांगल्या ठिकाणी आहेत. युनिस म्हणाली, "म्हणजे तिचं घर वाईट होतं?" मग त्यानं लिहिलं, की काळ हे सगळ्यावर औषध आहे. युनिसनं चमचा खाली ठेवला.

"मेव्हिस गेली तेव्हा तुला हे कोणीतरी सांगितलं होतं. आठवतंय, तू काय केलंस?"

"त्याला शेडबाहेर घालवलं."

"मग?"

"मग तूच लिही ना! सगळं मलाच येतं होय?"

"मला आलं असतं तर मी तुझ्यापुढं हे सूप कशाला ठेवलं असतं?" युनिस उठली आणि कोट घालू लागली. "तुझ्याबरोबर बसण्यात अर्थ नाही. बाहेर फिरून ये जरा. डोक्याला वारा लागू दे."

हेडली बाहेर पडला. कार्ड कोटाच्या खिशात होतं. एप्रिल संपत आला होता. रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढिगारे अजून बसून होते, आणि उजेड रेंगाळत होता. डोक्यात एकच ओळ फिरत होती, 'सेल्बीकाका चांगले होते', आणि तिला पुढे काही फुटत नव्हतं. पायांना मात्र वाट ठाऊक होती. कार्ड खिशात असलं की कुठं जायचं हे ते कितीतरी वर्षं शिकले होते. हेडली भानावर आला तेव्हा तो ड्रूसिलामावशीच्या मागच्या दारातून आत आला होता. तिथं दार वाजवायची पद्धत कोणाच्याच घरी नव्हती. मावशी चुलीपाशी उभी राहून कणकेचे गोळे तव्यावर तळत होती.

"ये," ती मागं न बघता म्हणाली. मग बघितलं. तिची नजर त्याच्या खिशाकडे गेली, जिथून पाकिटाचा कोपरा डोकावत होता. तिनं तवा उतरवला आणि किटली ठेवली.

"बस. कोण गेलं?"

हेडलीनं पाकिटाचा कोपरा खिशात आत दाबला. आता 'तुझाच नवरा' असं सांगायचं? तो खुर्चीत बसला.

"एक ओळखीचा," तो म्हणाला.

"गावातला?"

"नाही नाही. लांबचा. आखाताच्या पलीकडचा."

"नाव काय?"

"नाव..." हेडलीनं छताकडे पाहिलं. "नाव राहू दे ना मावशी. त्याच्या बायकोला लिहायचंय."

मावशीनं त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. काका गेल्यापासून गावातले लोक तिच्याशी कुजबुजत बोलत होते, तिच्या हातातून भांडी काढून घेत होते, तिला जबरदस्तीनं आरामखुर्चीत बसवत होते. आता कोणीतरी एकदाचं काम घेऊन आलं होतं. तिनं पुढ्यात बशी सरकवली, तळलेल्या गोळ्यांवर काकवी ओतली आणि समोर बसली.

"काय लिहिलंस आत्तापर्यंत?"

"तो चांगला होता."

"हेडली."

"माहितेय मला. युनिस म्हणाली, कुत्र्यासारखं वाटतंय."

मावशीच्या ओठाचा एक कोपरा हलला. "बरं. तो माणूस तुझ्या कुठं उपयोगी पडला? मोठं काही नको. बारीकसारीक सांग."

हेडलीनं काकवीत बोट बुडवलं आणि चाटलं. नाव घ्यायचं नव्हतं, खोटंही बोलायचं नव्हतं. तेव्हा तो अंदाजानं एकेक पाऊल टाकत निघाला.

"मेव्हिस गेली ना, तो हिवाळा. मी घरात झोपतच नव्हतो. शेडमध्ये शेगडीपाशी बसायचो. शेगडीसुद्धा कधी पेटवायचो, कधी नाही. तर हा माणूस एक दिवस आला आणि म्हणाला, 'तुझा रंधा देतोस का?' दिला. दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. शेगडीत एक लाकूड टाकलं, थोडा वेळ बसला. मग म्हणाला, 'पटाशी देतोस का?' दिली. ती परत आणायला पुन्हा आला. मग करवत. मग लेव्हल. असं वसंत येईपर्यंत चाललं, मावशी. बोलायचा काहीच नाही. बसायचा, 'बरं' म्हणायचा, आणि काहीतरी मागून न्यायचा."

मावशीनं काकवीचं भांडं बाजूला सरकवलं.

"त्याच्याकडे स्वतःची हत्यारं नव्हती?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"तीच तर गंमत. याच्या शेडमध्ये एका ओळीत पाच रंधे टांगलेले. सगळे असे धार लावलेले की दाढी करावी. आणि हा माझा बोथट रंधा न्यायचा! मला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा सटकला." हेडली आता गोष्टीत शिरला होता. कुठं थांबायचं याचं त्याला भान राहिलं नव्हतं. "पण मग असं झालं, की सकाळी डोळे उघडले की मनात यायचं, आज तो पटाशी परत आणणार. म्हणजे शेगडी पेटवायला हवी. म्हणजे उठायला हवं. कधीकधी दाढीसुद्धा केली मी. लोकांनी कार्डं पाठवली, तुझं तर अजून मेव्हिसच्या फोटोमागं आहे, पण सकाळी मी उठायचो तो रंध्यापायी."

स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारू लागली. कोणीच उठलं नाही.

"आखाताच्या पलीकडून," मावशी म्हणाली, "रोज यायचा. रंधा घेऊन."

हेडलीनं डोळे मिटले.

"हेडली स्टकलेस, माझ्याकडे बघ."

त्यानं एक डोळा उघडला.

"त्या हिवाळ्यात," मावशी एकेक शब्द दाबत म्हणाली, "माझ्या याच टेबलावर रोज एक परकं हत्यार यायचं. मी विचारायची, सेल्बी, आपला रंधा कुठाय? तो म्हणायचा, 'हा बरा आहे.' त्याला गंज चढलेला! मी म्हटलं, संपलं. माणूस विसरायला लागला. आपलं काय नि दुसऱ्याचं काय, समजेनासं झालं. मी त्याला दवाखान्यात नेलं, हेडली! डोकं ठिकाणावर आहे का बघायला त्या नर्सबाईनं त्याला घड्याळाचं चित्र काढायला लावलं!"

"काढलं त्यांनी?"

"काढलं! आणि वर तिला म्हणाला, तुमचं भिंतीवरचं पाच मिनिटं मागं आहे. ते खरंच मागं होतं!" मावशीनं टेबलावर हात आपटला. "तिथपर्यंत गेला, घड्याळ काढलं, परत आला, पण मला एका शब्दानं बोलला नाही. मी महिनाभर त्याचे बूट लपवत होते, कुठं भटकत जाईल म्हणून!"

आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिला टेबलाची कड धरावी लागली. हेडलीलाही आवरेना. काका दवाखान्यात पेन्सिल धरून बसलेत आणि नर्सच्या घड्याळाकडे संशयानं बघताहेत, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. बुटांसाठी ते घरभर फिरले असतील आणि तरीही काही बोलले नसतील, या विचारानं तर दोघं पुन्हा पहिल्यापासून हसले. हसता हसता मावशीचं हसणं कधी दुसरीकडे वळलं ते हेडलीला कळलं नाही. तिनं एप्रन तोंडावर घेतला. हेडली उठला, किटली बाजूला केली, आणि परत येऊन बसला. आता त्याला बोलायची एवढी घाईही वाटत नव्हती.

बऱ्याच वेळानं मावशीनं तोंड पुसलं.

"लिही," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता बोललास ते. आखाताच्या पलीकडचं सोडून."

"मावशी, तूच सांग ना पहिली ओळ."

"मुळीच नाही. मला येणारं कार्ड मीच सांगू? एवढी काही वेळ आलेली नाही माझ्यावर अजून." तिनं ड्रॉवरमधून पेन काढून त्याच्यापुढे टाकलं. "मी पाठ करून उभी राहते. लिही, बंद कर, आणि टपालात टाक. हातात देऊ नकोस. माझ्या घरी कार्ड टपालानं आलं पाहिजे."

ती पाठमोरी उभी राहून तवा घासू लागली. तो मुळात फारसा खराब नव्हता. हेडलीनं छापील देवदूतांच्या शेजारच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं, खाली जागा कमी पडली, शेवटच्या दोन ओळी कडेनं उभ्या चढवाव्या लागल्या. पण थांबायची वेळ आली नाही. पाकीट चाटून बंद केल्यावर त्याच्या लक्षात आलं. "युनिसचं नाव राहिलं."

"राहू दे," मावशी म्हणाली. "तिचं तिला लिहू दे."

तो घरी आला तेव्हा युनिस सुपाचं भांडं न्यायला परत आली होती; तिला त्याच्या कोटाला काकवीचा वास आला आणि तिनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. "तू तिच्याकडेच गेलास?" ती किंचाळली. "तिच्याच कार्डासाठी? तिच्याकडे? अरे तुला लाज कशी..." मग ती थांबली, खुर्चीत बसली आणि विचारू लागली. हसली? खरंच हसली? किती वेळ? आणि मग म्हणाली, की ग्लोरियाला एक फोन करते, फक्त ग्लोरियाला.

आता ग्लोरियाला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं. आठवडा उलटला नाही तोच हेडलीचा फोन वाजला.

"हे काय चालवलंयस तू?" ड्रूसिलामावशीचा आवाज कडक होता. "माझ्या मागच्या दारात सात माणसं उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात कार्ड. सगळे म्हणतात, आखाताच्या पलीकडचा एक ओळखीचा वारला. एका आठवड्यात त्या आखातात केवढी साथ आलीय रे?"

"मी हाकलतो त्यांना, मावशी. येतो लगेच."

"हाकलतोस कशाला? माझ्याकडे दूध संपलंय. डब्यातलं दूध घेऊन ये. आणि खुर्च्या."

हेडली दूध आणि दोन घडीच्या खुर्च्या घेऊन गेला, तेव्हा आतमध्ये ग्लोरिया डोळे पुसत होती. तिच्या बापाचं कोसळलेलं बंदराच्या धक्क्यावरचं शेड काकांनी एकट्यानं कसं उभं केलं, आणि तिच्या आईनं घरी न्यायला दिलेली फळांची पाई त्यांनी परतीच्या वाटेवरच कशी खाऊन टाकली, हे तिनं सांगितलं होतं. मावशीला पाईची गोष्ट माहीत नव्हती. "म्हणून त्या रात्री जेवला नाही तर," ती म्हणाली. युनिस तर सकाळीच येऊन गेली होती. तिनं काय सांगितलं ते मावशी सांगेना, युनिसही सांगेना.

सगळ्यात शेवटी सिरिल पेली आत आला. टोपी हातात, पाकीट घामानं मऊ पडलेलं.

"माझं काही जमायचं नाही," तो दारातूनच म्हणाला. "मी खोटं लिहिणार नाही आणि खरं लिहिता येत नाही."

"खरं काय आहे?"

सिरिलनं हेडलीकडे पाहिलं. हेडलीनं खांदे उडवले.

"मला तो आवडायचा नाही, मावशी. तुला माहितेय. बर्फ काढायच्या ट्रकवर होता तेव्हा दर वादळानंतर सगळा बर्फ माझ्याच फाटकासमोर ढकलायचा. वीस हिवाळे! मी फावडं घेऊन उभा राहायचो आणि तो वरून हात हलवायचा."

"मुद्दाम करायचा तो," मावशी म्हणाली. "तू एकदा त्याच्या होडीला डबा म्हणालास."

"मग? डबाच होती ती!"

"होती," मावशीनं मान डोलावली. "बस. चहा घेतोस का?"

सिरिल बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली, मग टेबलावर, मग पुन्हा गुडघ्यावर.

"आता नवीन पोरगा आलाय ट्रकवर," तो म्हणाला. "फाटक अगदी साफ ठेवतो. भला पोरगा आहे." जरा थांबून म्हणाला, "ओळखत पण नाही मला."

मावशीनं पेन त्याच्यापुढे सरकवलं, पाठ फिरवली आणि तवा घासायला घेतला. हेडलीनं डब्याला भोक पाडलं आणि दूध कपात ओतू लागला.

"मावशी," सिरिलनं मागून विचारलं, "'डबा' लिहू का?"

"लिही. आणि मोठ्या अक्षरात लिही, चष्मा सापडत नाहीये माझा."